टाकी कुणाची? नाशिकच्या वाईनबागेतली एक पहाट

आजचा भाग जरा घरचा आहे. इतिहास आहेच, तो कुठे जात नाही. पण तो शोधायला मी बाहेर पडलो ते एका फोनमुळे.

जानेवारीच्या शेवटी मामेभावाचा फोन आला. निफाड तालुक्यात त्यांची शेती आहे, आता तोच बघतो. म्हणाला, "दादा, एक कंपनी आलीये. वाईनची द्राक्षं लावा म्हणते. करार करणार, भाव आधीच ठरवणार. पप्पांना विचारलं तर 'नाही' म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. तू शिकलेला आहेस, जरा बघून सांग ना."

आता मी शिकलोय काय, तर बीटेक. दिवसभर हिंजवडीत बसून कोड लिहितो. द्राक्षाशी माझा संबंध म्हणजे दर फेब्रुवारीत मामांकडून येणारी पेटी. पण मामा उठून गोठ्यात का गेले, ते मला माहीत होतं.

२००५ मध्ये मामांनी दोन एकर वाईनची बाग लावली होती, अशाच एका कराराच्या भरवशावर. किलोला तीस रुपये ठरले होते. पहिले दोन हंगाम पैसे वेळेवर आले. मामांनी ट्रॅक्टर घेतला. २००९ ला कंपनीने अर्धाच माल उचलला. २०१० ला काहीच नाही. घड वेलीवर सुकले, उरलेले साळुंक्यांनी खाल्ले. त्या मे महिन्यात मी सुट्टीला तिथेच होतो, सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. मामांनी त्याच ट्रॅक्टरला साखळी लावली आणि एकेक खोड उपटून काढलं. मी बांधावर बसून बघत होतो. मामी घरातून बाहेर आली नाही.

ती कंपनी कोणती, ते मी सांगणार नाही. पुढे ज्यांची नावं येतील त्यांच्यापैकी ती नाही, एवढं धरून चला.

तर भावाला उत्तर द्यायचं होतं. ओळखीतून दिंडोरी तालुक्यातल्या एका घरगुती वायनरीचा पत्ता मिळाला. घरगुती म्हणजे खरंच घरातली: वडील, दोन मुलं, एक सून. बाग त्यांची, वायनरी त्यांची. फोनवर थोरला मुलगा म्हणाला, "काढणी बघायचीये ना? मग पहाटे साडेचारला या. उजाडल्यावर आलात तर आमची झोपायची वेळ झालेली असेल."

अंधारातली काढणी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. नाशिकला थंडी अजून उतरली नव्हती. बागेत शिरलो तेव्हा समोर फक्त दिवे दिसत होते, कपाळावर बॅटरी बांधलेल्या बायांचे. टोळी पेठ-सुरगाण्याकडची. एका हातात कात्री, दुसऱ्या हाताने घड धरायचा, देठ कापायचा, क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. बोलणं कमी, कात्र्यांचा आवाज जास्त.

अंधारात का? कारण द्राक्ष थंड हवं. ऊन चढलं की मणी तापतो, रस क्रेटमध्येच आंबायला लागतो. शिवाय गरम माल वायनरीत आणला तर तो गार करायला वीज लागते. रात्रीची थंडी फुकट मिळते, म्हणून ती वापरायची.

आण्णा, म्हणजे घरातले थोरले, सत्तरीच्या पुढचे, बांधावर उभे होते. टोपी, धोतर, अंगात स्वेटर. गळ्यात तुळशीची माळ. हो, माळकरी माणूस आणि वाईनची बाग. मला तेव्हाच विचारायचं होतं, पण पहिल्या भेटीत कसं विचारणार?

त्यांनी एक घड तोडून हातात दिला. "खाऊन बघ बाळा."

मी दोन मणी तोंडात टाकले. गोड, प्रचंड गोड, पण साल जाड, आत बिया, आणि गर नावालाच. जीभ कोरडी पडली.

"आवडलं?"

"गोड आहे, पण..."

"पण खायचं द्राक्ष न्हाई हे," आण्णा म्हणाले. "शिराज आहे. बाजारात न्यायचं म्हटलं तर कुणी पाच रुपयाला घेणार न्हाई."

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या भागाचा खिळा इथे ठोकलाय.

आपण खातो ते थॉम्पसन, सोनाका वगैरे. मणी लांब, मोठा, बिनबियांचा. तो फुगावा म्हणून शेतकरी जीए नावाचं संप्रेरक देतो. वाईनवाल्याला उलटं हवं असतं. मणी लहान, साल जाड. कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, आणि मणी जितका लहान तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. म्हणून एकरी माल मुद्दाम कमी घेतात. जे द्राक्ष वाईनला उत्तम, ते बाजारात बिनकामाचं. त्याचं गिऱ्हाईक एकच: वायनरी.

वेलीला झोप नाही

आता थोडं मागे जाऊ. बरंच मागे.

महाराष्ट्रात वाईन ही परवाची फॅशन आहे, असं आपल्याला वाटतं. नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं, तेव्हा तिथे रोमन बनावटीच्या अँफोरांचे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे दोन कानांची निमुळती मातीची बरणी, भूमध्य समुद्राकडून वाईन आणि तेल यायचं तशी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरावर उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाईन आहे, आणि इटलीच्या वाईनला मागणी जास्त, असंही नोंदलंय. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर ही आपली गावं येतात. म्हणजे सातवाहनांच्या काळात वाईन इथे येत होती, पण आयात होऊन. पुढे तेराव्या शतकात याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. एकाच मातीत दोन्ही थर आहेत.

आणि द्राक्षाचं काय? चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. मोरोक्कोचा माणूस, निम्मं जग फिरलेला. तो लिहितो की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. त्याला याचं नवल वाटलं असणार, कारण थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते आणि वर्षाला एकदाच फळ देते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही. वेल झोपत नाही. तिला दोनदा छाटलं तर ती दोनदा फुटते.

मी हे सांगितल्यावर आण्णा हसले. "त्याला खरड छाटणी आणि गोडी छाटणी कुणी सांगितली न्हाई वाटतं."

तर ते असं: एप्रिलमध्ये, काढणी संपल्यावर, वेल जवळजवळ ओलांड्यापर्यंत कापायची. ओलांडा म्हणजे तारेवर आडवा नेलेला वेलीचा हात. ही खरड छाटणी. यातून फळ घेत नाहीत. उन्हाळ्यात फक्त काड्या तयार होतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी आतल्या आत होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरताना, दुसरी छाटणी. तिचं नाव गोडी. यातून फळ येतं आणि ते कोरड्या, थंड रात्रींत पिकतं. एप्रिलच्या फुटीवर फळ धरलं तर ते पिकणार भर पावसाळ्यात, म्हणजे कुजणार. फ्रान्समध्ये काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. या उलट्या कॅलेंडरचं कारण एवढंच.

बोर्डो मारला का?

लहानपणी मामांकडे गेलो की एक शब्द रोज कानावर पडायचा. बोर्डो. "बोर्डो मारला का?" "पाऊस आला, बोर्डो वाया गेला." मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं निळं पाणी. मामांच्या शर्टावर त्याचे डाग असायचे. मला वाटायचं हा मराठीच शब्द आहे.

बोर्डो हे फ्रान्समधलं वाईनचं शहर आहे, हे मला कॉलेजात कळलं! गोष्ट अशी की १८६० च्या दशकात अमेरिकेतून फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्समध्ये पोचली आणि बागाच्या बागा मेल्या. उपाय अमेरिकेतलाच निघाला. तिकडच्या जंगली वेलींची मुळं या कीडीला दाद देत नाहीत, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच द्राक्षाचं कलम. पण अमेरिकन वेलींसोबत दुसरा रोगही आला. तोच, ज्याला आपले शेतकरी डावण्या म्हणतात. यावरचा उपाय सापडला तो योगायोगाने. बोर्डोकडचे काही बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिलं की नेमक्या त्याच वेलींची पानं टिकलीत. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि मिश्रणाला शहराचं नाव चिकटलं.

आणि तो अमेरिकन खुंट? तोही आपल्याकडे आहे. आण्णांनी खोडाच्या बुडाशी बॅटरी मारून कलमाची गाठ दाखवली. "खाली डॉगरिज." ही मूळची टेक्सासकडची जात. आपल्याकडे ती आली ती कमी पाण्यात आणि क्षारयुक्त जमिनीत तग धरते म्हणून.

म्हणजे बघा, पेठच्या बाईच्या हातात शिराजचा घड आहे, वेल टेक्सासच्या मुळावर उभी आहे, पानावर बोर्डोचा निळा डाग आहे. द्राक्षाच्या बाबतीत आपला शेतकरी जगाशी वाईनच्या कितीतरी आधीपासून जोडलेला होता. वाईनचे फायदे-तोटे मात्र त्याच्यापर्यंत खूप उशिरा आले.

धोरण आणि लाट

आपल्याकडच्या आधुनिक वाईनची सुरुवात १९८० च्या दशकात धरतात. नारायणगावला शामराव चौगुले यांनी इंडेज उभी केली, फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन बुडबुड्यांची म्हणजे स्पार्कलिंग वाईन बनवली. मग नव्वदच्या दशकात राजीव सामंत. हा माणूस आपल्या जातकुळीतला: स्टॅनफर्डचा इंजिनियर, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी, ती सोडून नाशिकला घरच्या जमिनीवर आला आणि पुढे सुला सुरू केली. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली.

आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाईनला उत्पादन शुल्कात सवलत, परवान्याची वाट सोपी, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क. बाहेरून येणाऱ्या बाटलीबंद वाईनवर केंद्राची जबर कस्टम ड्यूटी होतीच, पुढची अनेक वर्षं ती १५० टक्के राहिली. म्हणजे आत सवलत आणि बाहेर भिंत. वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. शेतकऱ्याला सांगितलं गेलं की खायच्या द्राक्षात व्यापारी माल उचलतो आणि पैसे न देता पळतो, इथे करार आहे, भाव लिहून आहे. हे खोटं नव्हतं बरं का. व्यापारी पळाल्याच्या बातम्या नाशिकला दर हंगामात येतात. मामांनाही असा एकाने बुडवलं होतं. म्हणूनच तर ते वाईनकडे वळले.

मग २००८ आलं. जगभर मंदी, आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला. पर्यटक आटले, हॉटेलं ओस पडली. तेव्हा वाईन खपायची ती बरीचशी हॉटेलांतच. मागणी थांबली. पण २००५-०६ ला लावलेल्या वेली नेमक्या तेव्हाच भरात आल्या होत्या. वेलीला मंदी कळत नाही.

टाकी

इथपर्यंत मला माहीत होतं. मागणी पडली, कंपनीने माल घेतला नाही, संपलं. पण त्या सकाळी वायनरीत उभं राहून मला जे कळलं ते वेगळं होतं.

सात वाजेपर्यंत क्रेट आत आले होते. एक मशीन देठ वेगळे करतं, मणी फोडतं, आणि साल-बी-रस सगळं मिळून स्टीलच्या टाकीत जातं. लाल वाईन सालीसकट आंबते. पांढरीला आधी दाबून रस वेगळा काढतात आणि नुसता रस गारव्यात आंबवतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता सोडतं. साली वर तरंगून त्यांची जाड साय धरते. खालचा रस पंपाने वर आणून त्या सायीवर सोडायचा, दिवसातून दोन-तीनदा, नाहीतर ती वाळते आणि बिघडते.

धाकटी वहिनी लॅब बघते. तिने रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून मला डोळा लावायला दिला. २३ ब्रिक्स. म्हणजे वजनाने साधारण २३ टक्के साखर. ती पूर्ण आंबली की १३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. "एक टन द्राक्षाची किती वाईन होते?" मी विचारलं. "साडेसहाशे लिटर धरा. बाटल्या साडेआठशेच्या वर." पुढे म्हणाली, "पण आधी टाकी रिकामी पाहिजे."

"म्हणजे?"

तिने कोपऱ्यातल्या दोन टाक्या दाखवल्या. "ह्यात गेल्या वर्षीची आहे. महिन्याभरापूर्वीच विकून संपायला हवी होती. संपली नाही. म्हणून यंदा चेनिनचा एक प्लॉट आम्ही दुसऱ्या वायनरीला दिला, त्यांनी सांगितलेल्या भावात. टाकीत जागा नाही तर द्राक्ष कितीही चांगलं असो, काय करणार?"

माझ्या डोक्यात तिथे दिवा लागला. आमच्या भाषेत हा बफर भरलेला असतो. पुढचा टप्पा माल उचलत नाही, मधला बफर भरतो, आणि मग मागून येणारं सगळं अडतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण मागच्याला सांगतो की थांब जरा. पण वेलीला थांब म्हणता येत नाही. द्राक्ष ठरलेल्या आठवड्यात पिकणार, आणि तोडल्यावर त्याच दिवशी फोडायला हवं. २००९ ला कंपन्यांच्या टाक्यांत न विकलेली वाईन बसून होती. मामांची द्राक्षं कुणी नाकारली, तर आदल्या वर्षीच्या वाईनने.

आणि तो सगळा फटका शेवटच्या माणसावर गेला, कारण त्याच्याकडे दुसरी वाट नव्हती. खायच्या द्राक्षालाही संकटं येतातच. त्याच २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपने नाशिकची द्राक्षं अडवली आणि निर्यातदार हवालदिल झाले. पण ते द्राक्ष निदान देशी बाजारात जाऊ शकत होतं, पडत्या भावात का होईना. त्याचा बेदाणा होऊ शकत होता. शिराजचं काय करणार? बियांचा बेदाणा कोण खाणार?

मी थोरल्याला विचारलं, "मग तुम्ही कसे टिकलात तेव्हा?"

तो म्हणाला, "टिकलो म्हणजे काय, घासत टिकलो. आमचाही माल २००९ ला कुणी घेईना. पण २००७ ला आण्णांनी जमीन गहाण टाकून दोन टाक्या घेतल्या होत्या. सगळे हसले होते. त्या वर्षी आमची द्राक्षं आमच्याच टाकीत गेली. वाईन दोन वर्षं विकली नाही, पण सडली पण नाही. द्राक्ष एक दिवस थांबतं, वाईन थांबते वर्ष-दोन वर्षं. तेवढा वेळ विकत घेतला आम्ही." आणि तो हप्ता भरला कशातून? तीन एकर थॉम्पसनमधून. तो त्यांनी कधीच काढला नाही. आजही बांधापलीकडे आहे.

एक लक्षात घ्या, मी या घराला हिरो करत नाहीये. गहाण ठेवायला जमीन होती, शिकलेली सून घरात आली, दोन भावांचं पटलं. मामांकडे दोनच एकर होती, वर बहिणीचं लग्न. प्रत्येक द्राक्षवाल्याने वायनरी काढावी, हे काही उत्तर नाही. पण वाईनमध्ये धोका कुठे साठतो, ते या टाकीपाशी दिसतं. टाकी ज्याची, त्याला वाट बघता येते. बाकीचे त्याच्या सोयीवर.

माळ आणि वाईन

नऊ वाजता चहा झाला, तेव्हा मी धीर करून विचारलंच. "आण्णा, तुम्ही घेता का?"

"न्हाई. कधीच न्हाई." त्यांनी माळेला हात लावला. "वास घेतो. वासावरून सांगतो बिघडली का ते. पोरं म्हणतात बरोबर सांगता."

"मग मनाला लागत नाही?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लागतं. गावात एक-दोन जण बोलले, तेव्हा जास्त लागलं. पण ज्या वर्षी व्यापाऱ्याने बुडवलं, त्या वर्षी कुणी बोलायला आलं न्हाई." थोड्या वेळाने परत म्हणाले, "वारीला जातो. पांडुरंगाला सांगितलंय सगळं. त्याने अजून काय उत्तर दिलेलं न्हाई."

हा पेच आपल्या सगळ्या राज्याचा आहे. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सरकारने दारूबंदीकडे जावं असं मार्गदर्शक तत्त्व आहे. आणि तेच सरकार वाईन पार्कही काढतं. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. सरकार म्हणालं, शेतकऱ्याचा फायदा. विरोधक म्हणाले, किराण्याच्या दुकानात दारू आली. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. शेवटी तो निर्णय दुकानाच्या फळीपर्यंत पोचलाच नाही.

दारूने घरं मोडतात, हे ज्या बायांनी गावात बाटली आडवी केली त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांचं म्हणणं हलकं नाही, आणि वाईनमध्ये अल्कोहोल असतंच, हे वर आकड्यात सांगितलंय. माझा मुद्दा दुसरा आहे. त्या सगळ्या वादात 'शेतकऱ्याचा फायदा' हे शब्द दोन्ही बाजूंनी वापरले, पण फायदा कुठल्या शेतकऱ्याचा? टाकीवाल्याचा की करारवाल्याचा? खप वाढला तर टाकी रिकामी होते, हे खरं. पण खप पडला तर काय, हे करारात कुठे लिहिलंय, असं मी तरी त्या चर्चेत कुणाला विचारताना ऐकलं नाही.

आणि भिंतही आता पूर्वीसारखी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियासोबतचा व्यापार करार लागू झाला आणि तिकडच्या महागड्या वाईनवरची ड्यूटी १५० टक्क्यांवरून खाली यायला सुरुवात झाली. जी भिंत धरून २००१ चं धोरण उभं राहिलं, ती उतरू लागलीय.

भावाला काय सांगितलं

परत येताना मी सरळ निफाडला गेलो. गाडीत वायनरीची एक बाटली होती, ती डिकीतच राहू दिली. भाऊ आणि मी ओट्यावर बसलो. त्याने कराराचे फोटो आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. मी त्याला म्हटलं, लाव किंवा लावू नको, हे मी सांगणार नाही. पण सही करण्याआधी कंपनीला चार प्रश्न लेखी विचार.

एक, त्यांच्या टाक्यांची क्षमता किती, आणि आत्ता त्यात किती जुनी वाईन आहे? दोन, काढणीची तारीख कोण ठरवणार? ब्रिक्स भरलं आणि त्यांनी गाडी आठ दिवस उशिरा पाठवली, तर सुकून वजन घटतं ते कुणाच्या खिशातून? तीन, माल नाकारला तर भरपाई किती? चार, पैसे किती दिवसांत?

आणि एक माझ्याकडून: सगळी जमीन देऊ नको. थोडा थॉम्पसन ठेव.

मामा गोठ्यात होते. बाहेर येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. भिंतीला टेकून उभे राहिले. मी टाकीचं सांगत होतो ते त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, "म्हणजे आपला माल खराब नव्हता?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत. मग समजलं. तेव्हा कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं की तुमच्या मालाची क्वालिटी बसत नाही. आणि मामा इतकी वर्षं तेच धरून बसले होते, की आपलंच काहीतरी चुकलं. छाटणी चुकली, पाणी जास्त झालं, बोर्डो उशिरा मारला.

त्या वर्षीचा त्यांचा माल कसा होता, ते मी आज सांगू शकत नाही, तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. पण मी त्यांना एवढं सांगितलं की मामा, तेव्हा नाशिकमध्ये तुमच्यासारख्या कितीतरी जणांनी बागा उपटल्या. सगळ्यांची छाटणी एकाच वर्षी कशी चुकेल?

ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री जेवायला आमच्यासोबत बसले, आणि मामीने विचारल्यावर २००५ ला रोपं कुठून आणली होती, ते सांगायला लागले. बराच वेळ सांगत होते.

भावाने चारही प्रश्न पाठवलेत. तीन आठवडे झाले, कंपनीचा माणूस म्हणतो, वरती विचारून सांगतो. सही अजून झालेली नाही. उत्तर आलं की पुढच्या एखाद्या भागात नक्की सांगेन.

तोपर्यंत तुमच्या घरात, नात्यात कुणी त्या काळात वाईनची द्राक्षं लावली असतील, तर त्यांना एकदा विचारा काय झालं होतं. आणि व्हॉइस नोट पाठवा. नावं सांगायची गरज नाही. हा इतिहास अजून पुस्तकात कमी आणि ओट्यावर जास्त आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.